पदवी आणि पेढी

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गुणगौरव समारंभात वक्त्याने विद्यार्थ्यांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, पालकांचे कौतुक करावे आणि सूर्यास्तापूर्वी सर्वांचे भोजन होईल अशा बेताने आपले बोलणे आटोपावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. शेवटची अट मी अवश्य पाळीन. उपदेश मात्र आज बाजूला ठेवण्याची अनुज्ञा मागतो, कारण या वर्षी विश्वस्त मंडळापुढे एक प्रश्न आलेला आहे आणि त्याचा निर्णय होण्यापूर्वी समाजाने त्यावर मोकळेपणाने विचार करावा असे मला वाटते. आपल्या शिष्यवृत्ती निधीस उदार हस्ते साहाय्य करणाऱ्या काही मंडळींनी असे सुचविले आहे की, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांसारख्या साध्या पदव्यांसाठी शिष्यवृत्ती देणे यापुढे बंद करावे आणि सर्व रक्कम वैद्यकीय, अभियांत्रिकी, व्यवस्थापन, संगणक अशा अभ्यासक्रमांकडे वळवावी. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. साध्या पदवीने नोकरी मिळत नाही आणि धंदाही येत नाही. मग समाजाचा पैसा त्यात का गुंतवावा?

सूचना करणारे माझे स्नेही आहेत आणि त्यांचा हेतू निर्मळ आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु मी स्वतः साधा बी.कॉम. आहे. हा ठराव मंजूर झाला तर माझ्यासारखा माणूस घडण्याचेच थांबेल. ते समाजाला इष्ट वाटते की कसे, हे निदान माझ्यासमक्ष ठरावे एवढीच माझी इच्छा!

महाराष्ट्रात दहावीची नवी शालान्त परीक्षा १९७५ साली प्रथम झाली. जुन्या अकरावीची परीक्षाही त्याच वर्षी होती. त्या पहिल्या तुकडीत मी होतो. पुढे १९७७ मध्ये बारावीची पहिली तुकडी आमची आणि १९८० मध्ये तीन वर्षांच्या पदवीची पहिली तुकडीही आमचीच. प्रत्येक ठिकाणी नवा आकृतिबंध आमच्यावर प्रथम अजमावला गेला. पुण्यातील एका वाणिज्य महाविद्यालयात सकाळची व्याख्याने आटोपून मी अकराच्या सुमारास दुकानात येत असे. त्यामुळे कॉलेजात काय शिकवतात आणि गादीवर काय लागते, या दोहोंचा ताळा मला रोजच्या रोज पाहता आला.

आम्हाला हिशेबशास्त्र होते, परिव्यय लेखन होते, अर्थशास्त्र, बँकिंग आणि व्यापारी कायदा होता. १८७२ चा करार कायदा, १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा, १९३० चा मालविक्री कायदा, १९३२ चा भागीदारी कायदा, ही सर्व नावे आजही मुखोद्गत आहेत. मात्र कापडाचा तागा हातात घेऊन त्याचा पोत ओळखावा कसा, पन्हा न मोजता नजरेने कसा सांगावा, कापड दोन्ही हातांत चोळून त्यातली खळ किती झडते हे पाहून मालाचे खरे वजन कसे जोखावे, याविषयी तीन वर्षांत एक अवाक्षर नव्हते. ते आमच्या मुनीमजींनी शिकविले. सूत काढून काडीने पेटवायचे. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर असेल तर ते वितळून त्याचा टणक मणी होतो. ही प्रयोगशाळा दुकानाच्या मागच्या दारापाशी होती आणि तिला फी नव्हती. पुढच्याची पत कशी ओळखावी, हा तर त्याहून अवघड विषय. जो गिऱ्हाईक भावावर खूप घासाघीस करतो त्याची उधारी बहुधा वेळेवर येते; जो भाव न विचारता माल उचलतो त्याच्याविषयी दोन ठिकाणी चौकशी करावी, हा मुनीमजींचा सिद्धांत मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळला नाही आणि चाळीस वर्षांत तो क्वचितच खोटा ठरला.

येथपर्यंत ऐकून आमचे देणगीदार मित्र म्हणतील, पाहा, हे तर आमच्याच बाजूने बोलत आहेत. जरा धीर धरावा.

१९८० च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट आहे. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही बऱ्याच रकमेच्या गाठी उधारीवर रवाना केल्या. माल वाहतूकदाराच्या ताब्यात होता, बिल्टी निघालेली होती. दुसऱ्याच दिवशी बाजारात वार्ता आली की, त्या व्यापाऱ्याने देणी थांबविली आहेत. दुकानात सन्नाटा पसरला. मुनीमजींचे मत पडले की, माल आपल्या हातून गेला. आता इतर घेणेकऱ्यांबरोबर रांगेत उभे राहायचे. मला मालविक्री कायद्याचा एक भाग आठवला. ज्याचे पैसे मिळालेले नाहीत अशा विक्रेत्याला, खरेदीदाराचे दिवाळे वाजल्यास, वाटेत असलेला माल थांबविण्याचा हक्क असतो आणि वाहतूकदाराला तशी सूचना दिली की ती पाळणे त्याला भाग असते. खरेदीदाराला न्यायालयाने दिवाळखोर ठरविले पाहिजे असेही नाही. त्याने नेहमीच्या व्यवहारातील देणी देणे थांबविले असले तरी पुरते. मी वकिलांना विचारून खात्री केली, त्याच दुपारी वाहतूकदाराच्या मुख्य कचेरीत पत्र दिले आणि चार दिवसांनी गाठी परत आल्या. वडिलांनी मला शाबासकी दिली नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. मुनीमजींकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "याच्या कॉलेजची फी आज फिटली."

या प्रसंगाचा अर्थ असा नव्हे की, कॉलेजने मला धंदा शिकविला. त्या व्यापाऱ्याची पत घसरली आहे हे मला कळले नाही, ते बाजाराने कळविले. कॉलेजने मला इतकेच दिले की, पेढीवरच्या कोणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट जगात अस्तित्वात आहे, ती कोठे सापडेल आणि ती वाचून समजून घेता येईल. हे 'इतकेच' थोडके नाही, असे माझे म्हणणे आहे. पेढी उत्तम शिकविते, पण जे पेढीला ठाऊक आहे तेवढेच शिकविते. आणि धंदा बदलला म्हणजे पेढीला काहीच ठाऊक नसते.

आमच्या कापडाच्या धंद्यात असे बदल माझ्याच कारकिर्दीत दोनदा तरी आले. पहिला १९८२ चा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्या संपाचा शेवट असा झालाच नाही. तोपर्यंत आमच्या दुकानाची सारी विद्या गिरणीच्या शिक्क्यावर उभी होती. कोणत्या गिरणीचे धोतर, कोणत्या गिरणीची मलमल, मूळजी जेठा मार्केटातील कोणत्या अडत्याकडे काय भाव, हे पाठ असले की घाऊक व्यापारी झाला. वर्षा-दोन वर्षांत ती विद्या रद्दीत गेली. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांचा आणि सुरतेच्या कृत्रिम धाग्याचा माल बाजारात भरला. त्याला शिक्का नव्हता. प्रत्येक तागा स्वतः पारखून घ्यावा लागे. त्या वेळी मुनीमजींची काडीची परीक्षा पुन्हा उपयोगी पडली, कॉलेज फारसे नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

दुसरा बदल १ जुलै २०१७ चा, वस्तू व सेवा कराचा. तरुण मंडळींना कदाचित कल्पना नसेल की, कापडावर त्यापूर्वी विक्रीकर नव्हता. १९५७ साली केंद्राने कापड, साखर आणि तंबाखू यांवर विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादन शुल्क लावले, ते गिरणीच्या दारात वसूल होई. म्हणून साठ वर्षे कापडाच्या दुकानदाराला विक्रीकर कचेरीची पायरी चढावी लागली नव्हती. तेलाचा व्यापारी ज्या विवरणपत्रांत मुरलेला होता, त्यांची आम्हाला ओळखही नव्हती. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी त्या जुलैत दुकाने बंद ठेवली ती केवळ पाच टक्क्यांसाठी नव्हे; ही कागदपत्रे आम्हाला जमणार कशी, ही धास्तीही त्यामागे होती. माझे वय तेव्हा साठीला टेकत आलेले. पुण्यातील माझ्या माहितीतील दोन जुन्या पेढ्या त्याच सुमारास बंद झाल्या. मालकांना धंदा येत नव्हता असे कोण म्हणेल? दोघेही माझ्याहून सरस पारखी होते. परंतु नव्याने शिकावयाचे म्हणजे छापील नियम समोर घ्यावयाचा, तो न घाबरता वाचावयाचा आणि आपल्या व्यवहाराला लावून पाहावयाचा. ही सवय ज्याला विद्यार्थिदशेत लागली नाही, त्याला ती उतारवयात लावणे फार कष्टाचे जाते.

त्यातही एक गंमत सांगण्यासारखी आहे. या करात प्रत्येक मालाला एचएसएन क्रमांक घालावा लागतो. रेशमी कापड पन्नासाव्या प्रकरणात, लोकरीचे एक्कावन्नाव्या, सुती बावन्नाव्या, कृत्रिम अखंड धाग्याचे चौपन्नाव्या. मिश्र धाग्याचे कापड असेल तर ज्या धाग्याचे वजन अधिक, त्याचे प्रकरण. आमच्याकडील पदवीधर मुलगा संगणकावर बसून मला विचारतो, "काका, याचा कोड कोणता टाकू?" आणि मी तागा हाती घेऊन सांगतो की, हे सुती नव्हे, यात पॉलिएस्टर अधिक आहे. त्याला पोर्टल येते, मला पोत येतो. दोघांपैकी एकटा कोणीही ते बिल बरोबर करू शकत नाही. महाविद्यालयीन शिक्षण उपयोगी की निरुपयोगी, हा वाद घालणाऱ्यांना मी अर्धा तास आमच्या दुकानात येऊन बसण्याचे निमंत्रण देतो.

आता आपल्या समाजात वारंवार पुढे केल्या जाणाऱ्या एका दाखल्याविषयी. पदवीचा विषय निघाला की कोणीतरी शेठ वालचंद हिराचंदांचे नाव घेतोच. सोलापूरच्या दोशी कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी न घेताच धंद्यात उतरले. पुढे १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमची जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. हे सारे खरे आहे. परंतु दाखला देणारे दोन गोष्टी सोडून देतात. एक म्हणजे, त्यांना धंद्याची दिशा मिळाली ती रेल्वेत कारकून राहिलेल्या फाटकांच्या भागीदारीतून. बांधकामाच्या ठेक्यांचे काम आतून पाहिलेला माणूस त्यांनी जोडीला घेतला. कॉलेज सोडून ते थेट यशाच्या शिखरावर गेले नाहीत, एका जाणकाराच्या हाताखाली-हातात हात घालून शिकले. दुसरी गोष्ट अशी की, जहाज, विमान आणि मोटार ही तीनही कामे शिकलेल्या अभियंत्यांवाचून एक दिवस चालणारी नव्हती. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ साली वालचंदांचे नाव लाभले, ते त्यांच्या घराण्याच्या दानातून. पदवी न घेतलेल्या माणसाच्या नावाने हजारो पदवीधर तयार होतात, यात मला विसंगती दिसत नाही. स्वतःला पदवीची गरज पडली नाही म्हणून इतरांनाही पडणार नाही, असा निष्कर्ष त्या घराण्याने काढला नाही; आपण का काढावा?

उलट बाजूचा दाखला टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीचा घ्यावा. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीवर ती आहे. श्यामसुंदर गोयंका यांचा कापड गिरण्या व इतर कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरविण्याचा व्यवसाय होता. हिशेबासाठी मनासारखी प्रणाली मिळेना, तेव्हा त्यांनी गणित विषय घेऊन पदवीधर झालेल्या आपल्या मुलाला, भरत यांना ती तयार करण्यास सांगितले. १९८६ साली बंगळुरात त्यातून कंपनी उभी राहिली. साधी गणिताची पदवी! आमच्या नव्या प्रस्तावाप्रमाणे या मुलाला शिष्यवृत्ती नाकारावी लागली असती. मात्र ती पदवी एकटीही पुरली नसती. व्यापाऱ्याला रोजमेळ आणि खतावणी कशी हवी असते, हे वडिलांच्या धंद्यामुळे घरातच होते.

महाविद्यालयांवर आपण जो आक्षेप घेतो, तो त्यांच्या जन्मापासूनचा आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली निघाले ते सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याकरिता; तेथे काम आधी ठरले आणि शिक्षण मागाहून. कला आणि विज्ञान शाखांचे तसे नव्हते. वाणिज्य शिक्षण तर फार उशिरा आले. मुंबईचे सिडनहॅम १९१३ चे. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय काढले ते १९४३ मध्ये, आणि त्याचे नाव एका साखर उद्योगाच्या, बृहन महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या देणगीवरून पडले. म्हणजे व्यापार-उद्योगाने पैसा दिला; पण पैसा देऊन तो बाजूला झाला. आपली दारे, आपली गोदामे, आपल्या वह्या त्याने विद्यार्थ्यांना उघडून दिल्या नाहीत. कॉलेज व्यवहार शिकवत नाही अशी तक्रार आपण व्यापारी करतो, तेव्हा व्यवहार ज्यांच्यापाशी आहे ते आपणच आहोत, हे सोयीस्करपणे विसरतो.

जेथे ही दारे उघडी आहेत तेथे निकाल वेगळा दिसतो. सनदी लेखापालांचेच पाहा. १९४९ साली त्यांची संस्था स्थापन झाली तेव्हापासून आर्टिकलशिपवाचून कोणी सी.ए. झालेला नाही. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची झाली. पण रद्द झाली नाही. मुलगा सकाळी पुस्तक वाचतो आणि दुपारी कोणाच्या तरी कचेरीत बसून खऱ्या वह्या तपासतो. डॉक्टरांनाही इंटर्नशिप असते. या दोन पदव्यांना आपण 'व्यावसायिक' म्हणतो. वस्तुतः त्यांचे पुस्तक बी.कॉम., बी.एस्सी.च्या पुस्तकाहून निराळ्या शाईने छापलेले नसते. त्यांना कामाची जोड आहे, इतकाच फरक आहे.

आणि ही कल्पना परक्या देशातून आलेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्यातलेच. कुंभोजच्या जैन घराण्यात १८८७ साली जन्मले, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले, मॅट्रिकची पायरी मात्र त्यांनी ओलांडली नाही. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची आणि ओगल्यांच्या काचसामानाची विक्री करीत ते गावोगाव फिरले. म्हणजे आपल्यासारखाच फिरता विक्रेता! १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंगतीत बसविली आणि १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर सुरू केले. आजही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्यांच्या नावाची कमवा आणि शिका योजना चालते. तिच्यामुळे गरजू मुलांची फी निघते, हे फार मोठे काम आहे. परंतु ग्रंथालयातील पुस्तके लावणे किंवा बागेत पाणी घालणे, हे त्या मुलाच्या पुढील व्यवसायाशी जोडलेले असतेच असे नाही. ती जोड विद्यापीठाने कोठून आणावी? ती बाजारातच आहे.

शासनालाही हे उमगलेले दिसते. केंद्राच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात म्हटले आहे की, सुमारे ५१ टक्के तरुणच रोजगारक्षम मानले जातात. म्हणजे महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या दोघांतील एक जण लगेच कामास लावण्याजोगा नसतो. व्यापारी या नात्याने मी हा आकडा जरा सावधपणे घेतो. रोजगारक्षमता कोणत्या मापाने मोजली, हे पाहिल्यावाचून तागा विकत घेऊ नये. पण दिशा खरी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. पैसे शासनाचे, शिकवणारा मात्र आपल्यासारखा हवा. तो नसेल तर मुलगा नुसता खुर्चीवर बसून विद्यावेतन घेऊन घरी जाईल.

एक विषय बोलू की नको, अशा संभ्रमात होतो. बोलतोच. आपल्या परिचय मेळाव्यांच्या पुस्तिका मी दरवर्षी चाळतो. मुलींच्या माहितीत सी.ए., एम.कॉम., अभियंता, वकील असे लिहिलेले असते. मुलांच्या माहितीत पुष्कळदा 'बी.कॉम., स्वतःचा व्यवसाय' एवढेच. त्यातही काही जणांचे बी.कॉम. केवळ त्या पुस्तिकेसाठीच पूर्ण झालेले असते. परीक्षेपुरते गाईड वाचायचे, वर्गात पाऊल टाकायचे नाही, कारण 'शेवटी दुकानच तर सांभाळायचे आहे'. मुलगी मात्र मन लावून शिकते, कारण तिच्या नावावर दुकान नसते. मग सोयरीक जुळत नाही म्हणून आपण मेळाव्यावर मेळावे भरवतो. ज्या घरी अशी शिकलेली सून आली आणि सासऱ्याने तिला हिशेबाला बसविले, त्या घरची कराची विवरणपत्रे वेळेवर जातात, हे मी किमान चार पेढ्यांवर पाहिले आहे. ज्या घरी तिची पदवी भिंतीवर टांगली, तेथे काय होते ते आपण सर्व जाणताच.

तेव्हा विश्वस्त मंडळापुढे माझी विनंती अशी. साध्या पदवीची शिष्यवृत्ती बंद करू नये. तिला कामाची जोड द्यावी. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत मिळून निदान सहा आठवडे कोठेतरी काम करावे, आणि ते स्वतःच्या वडिलांच्या किंवा काकांच्या दुकानात नव्हे. घरच्या गादीवर मुलगा पहिल्या दिवसापासून छोटा शेठ असतो; त्याला कोणी चूक दाखवत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येक जण गावाहून येऊन दुसऱ्याच्या पेढीवर गुमास्ते म्हणून राहिले आणि मग आपले दुकान थाटले. कापडवाल्याच्या मुलाने भुसार बाजारात जावे, भांडीवाल्याच्या मुलीने सी.ए.च्या कचेरीत बसावे. शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता हे काम झाल्यावर द्यावा. आणि कामाचा मोबदला मालकाने द्यावा, फुकट राबवू नये. फुकट मिळालेल्या माणसाला शिकविण्याची कोणाला घाई नसते.

मालकांवरही बंधन हवे. महिनाभर मुलाकडून तागे उलगडून पुन्हा घड्या घालून घेतल्या, हे शिक्षण झाले नाही. त्याला एक दिवस खरेदीला बरोबर न्यावे, एखाद्या थकलेल्या उधारीच्या वसुलीला पाठवावे, एका महिन्याचे विवरणपत्र त्याच्याकडून कच्चे करून घ्यावे आणि काय शिकविले ते चार ओळींत ट्रस्टला लिहून द्यावे. याला कोणाचा विरोध होईल हे मला ठाऊक आहे. बैठकीत एकाने विचारलेच, "आपल्या वह्या दुसऱ्याच्या मुलाला दाखवायच्या?" माझे उत्तर असे की, आपल्या सी.ए.च्या कचेरीतील आर्टिकल मुले त्या वह्या दरवर्षी पाहतात, ती दुसऱ्यांचीच मुले असतात. आणि २०१७ पासून आपली खरेदी-विक्री नियमाने पोर्टलवर जातेच. आता लपविण्याजोगे आपल्यापाशी राहिले असेल ते आपला स्वभाव तेवढा.

लक्ष्मी रस्ता, रविवार पेठ आणि मार्केट यार्ड येथील अकरा पेढ्यांनी, दोन सी.ए. बंधूंनी आणि एका छापखान्याच्या मालकांनी येत्या सुटीसाठी प्रत्येकी एका विद्यार्थ्याला घेण्याचे मान्य केले आहे. आमच्या दुकानातील जागा एका गणिताच्या विद्यार्थिनीने आधीच मागितली आहे. तिच्या घरी किराणा मालाचे दुकान आहे. या वर्षी साध्या पदवीसाठी आलेले अर्ज मात्र सव्वीस आहेत, म्हणजे आणखी बारा जागा हव्यात. प्रवेशद्वाराजवळील टेबलावर कार्यालयाने एक वही ठेवली आहे. त्यात पेढीचे नाव, कामाची वेळ आणि मोबदला, एवढे तीनच रकाने आहेत. विश्वस्तांची बैठक पुढील रविवारी आहे आणि वही त्या बैठकीत ठेवली जाणार आहे.